ल्युपस, स्टेरॉइड आणि भ्रम

प्रश्न : माझ्या बहिणीला चार वर्षांपासून ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर हल्ला करते, असा आजार) आहे. मूत्रपिंडाला सूज आल्यामुळे स्टेरॉइडची मात्रा वाढवली आणि आठवड्याभरातच तिची झोप उडाली. कोणीतरी आपल्यावर पाळत ठेवत आहे, असे ती म्हणू लागली. एक डॉक्टर म्हणतात आजार मेंदूपर्यंत पोहोचला, दुसरे म्हणतात हा औषधाचा परिणाम. एमआरआय नॉर्मल आहे. खात्रीची एखादी तपासणी नाही का?

उत्तर : अशी एकच निर्णायक तपासणी नाही, आणि दोन डॉक्टरांची मते वेगळी पडण्याचे मूळही तिथेच आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजी या संधिवात व ल्युपससारख्या आजारांच्या तज्ज्ञांच्या संस्थेने १९९९ मध्ये ल्युपसमधील मज्जासंस्थेच्या व मनाच्या विकारांची १९ प्रकारांत विभागणी केली. त्यांपैकी १२ मेंदू व मज्जारज्जूचे (आकडी, पक्षाघात, सायकोसिस म्हणजे वास्तवाचे भान सुटून भ्रम-भास होणे, स्मरण व एकाग्रतेतील बिघाड इत्यादी) आणि ७ बाहेरच्या नसांचे आहेत. या यादीमुळे त्रासाला नाव मिळते, पण तो ल्युपसमुळेच झाला, हे तिच्यावरून ठरत नाही. डोकेदुखी, चिंता, सौम्य नैराश्य हे तर ल्युपस नसलेल्यांतही इतके आढळतात की केवळ त्यांवरून मेंदूतील ल्युपसचे निदान करणे मला धोक्याचे वाटते.

म्हणून कारण शोधताना सर्वप्रथम जंतुसंसर्ग वगळावा लागतो, कारण प्रतिकारशक्ती दडपणारी औषधे चालू असताना तो सहज होतो आणि चुकला तर जिवावर बेततो. त्यासाठी पाठीतून पाणी काढून तपासतात. रक्तातील सोडियम, मूत्रपिंडाचे कार्य व रक्तदाबही पाहावा लागतो. एमआरआय नॉर्मल असणे दिलासादायक असले, तरी ल्युपसमुळे झालेल्या सायकोसिसमध्येही तो अनेकदा नॉर्मलच येतो. अँटिफॉस्फोलिपिड प्रतिपिंडांची तपासणी मात्र अवश्य करावी, कारण ती रक्ताच्या गुठळ्यांमुळे होणाऱ्या पक्षाघाताकडे बोट दाखवतात आणि तिथे उपचारच बदलतो.

आपल्या वर्णनातील क्रम पाहता स्टेरॉइडचा संशय रास्त आहे. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत प्रेडनिसोन या स्टेरॉइडची मात्रा रोज ४० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असताना १.३ टक्के, तर ८० मिलिग्रॅमच्या वर १८.४ टक्के रुग्णांना असे मानसिक त्रास झाले, आणि ते बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतात. मात्र त्याच काळात मूत्रपिंडाचा आजार उसळलेला असल्याने ल्युपसही तितकाच संशयित राहतो. म्हणून मात्रा वाढवल्याची तारीख, पहिले लक्षण, ताप, झोपेचे तास हे सारे लिहून ठेवा. ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट आणि मानसोपचारतज्ज्ञ या दोघांनी ते एकत्र पाहणे फार उपयोगी पडेल. स्टेरॉइड स्वतःहून एकदम बंद करू नका, बहिणीला एकटे सोडू नका, आणि ताप, आकडी किंवा गुंगी दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालयात न्या.