आमचा छोटा कुत्रा घरातल्या मुलांवर गुरगुरतो, परवा दात लावायला धावला. काय करावं?

आधी एक काम बंद करा: गुरगुरला म्हणून ओरडणं किंवा मारणं. गुरगुरणं ही त्याची सूचना आहे. ती दाबली तर पुढच्या वेळी तो न सांगताच चावेल.

हे अचानक सुरू झालं असेल तर पहिल्यांदा पशुवैद्याकडे न्या. लहान जातींमध्ये हिरड्या-दातांचे आजार, कान दुखणं, गुडघ्याची वाटी सरकणं हे सर्रास दिसतं, आणि मुलं नेमकं तिथेच हात लावतात.

गुरगुरण्याच्याही आधी तो बरंच काही सांगत असतो. ओठ चाटतो, तोंड फिरवतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो, अंग एकदम ताठ होतं. एवढं दिसलं की मुलाला शांतपणे बाजूला घ्या, कुत्र्याला ओढू नका. लहान कुत्र्याला खेळण्यासारखं उचललं जातं, खरं दुखणं बऱ्याचदा तिथेच असतं. मुलांनी त्याला उचलायचं नाही. खाताना, झोपताना जवळ जायचं नाही. त्याच्यासाठी मुलांना बंदी असलेला एक कोपरा ठेवा, दारात जाळीचं फाटक लावा.

मग सवय लावा. मूल लांबून दिसलं की मोठ्या माणसाने कुत्र्याला आवडीचा खाऊ द्यायचा, मूल गेलं की खाऊ बंद. अंतर हळूहळू कमी करा, आठवडे लागतील. तोवर दोघांना एकटं सोडू नका, पाच मिनिटंसुद्धा.

दात लागलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा, कुत्र्याचं लसीकरण झालेलं असलं तरी.