शंभर मीटरपलीकडची केबल

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या कार्यालयापासून आवारातील गोदामापर्यंत कॅट-६ केबल टाकली आहे. लांबी अंदाजे १३० मीटर असावी. पोर्टवरचा दिवा लागतो. पण फाइल उघडायला फार वेळ लागतो आणि जोडणी अधूनमधून तुटते. मध्ये जॉइंटर घालून केबलचे दोन तुकडे केल्यास अडचण दूर होईल, असे केबल टाकणारे सांगतात. ते बरोबर आहे का?

उत्तर : नाही. अशा तांब्याच्या नेटवर्क केबलची एका टप्प्याची मर्यादा १०० मीटर आहे. जॉइंटर तारा नुसत्या एकमेकींना जोडतो. क्षीण झालेला सिग्नल तो सावरत नाही, उलट प्रत्येक सांध्यापाशी थोडी घटच होते. नेटवर्कमधील उपकरणांना जोडणाऱ्या स्विचचे काम वेगळे आहे. आलेली फ्रेम (माहितीचा एक तुकडा) तो वाचतो, तपासतो आणि पूर्ण ताकदीने पुढे पाठवतो, त्यामुळे स्विचपासून पुढे १०० मीटरची मोजणी नव्याने सुरू होते.

या १०० मीटरांत ९० मीटर कायमची टाकलेली केबल आणि दोन्ही टोकांच्या पॅचकॉर्ड (उपकरणाला जोडणाऱ्या छोट्या केबली) मिळून १० मीटर, असा हिशेब धरलेला आहे. कारण पॅचकॉर्डमधील बारीक पदरांची तार लवचीक असली, तरी तिच्यात सिग्नल अधिक घटतो. (दहा गिगाबिट वेगासाठी कॅट-६ची मजल फार तर ५५ मीटर, पूर्ण १०० मीटर हवे असतील तर कॅट-६ए घ्यावी लागते.) स्विचआधीच्या, आलेला सिग्नल सगळीकडे पाठवणाऱ्या हबच्या काळात लांबीवर आणखी एक बंधन होते : दोन संगणकांच्या फ्रेमची टक्कर झाली, तर ६४ बाइटांची सर्वांत लहान फ्रेम पाठवून संपण्याआधीच ती टक्कर पाठवणाऱ्याला कळणे आवश्यक असे. स्विचमुळे ते बंधन गेले. तारेतली घट आणि केबलमधल्या तारांच्या शेजारशेजारच्या जोड्यांचा एकमेकींतला हस्तक्षेप मात्र राहिला.

१०१व्या मीटरला सिग्नल अचानक बंद पडत नाही, म्हणूनच दिवा पाहून फसगत होते. दोन्ही टोकांचे एकमेकांशी जुळले, एवढेच दिवा सांगतो. फ्रेम शाबूत पोहोचतात की नाही, हे आपला स्विच मॅनेज्ड (आतली माहिती पाहता येणारा) असेल तर त्यातील सीआरसी त्रुटींच्या, म्हणजे तपासणीत बिघडलेल्या निघालेल्या फ्रेमच्या, आकड्यावरून कळेल. बिघडलेली फ्रेम टाकून दिली जाते, तिच्यातील माहिती पुन्हा पाठवावी लागते आणि फाइल रेंगाळते.

तरीही आधी लांबीची खात्री करून घ्यावी. केबलच्या आवरणावर बहुधा दर मीटरला आकडा छापलेला असतो. दोन्ही टोकांजवळचे आकडे वाचून वजाबाकी करावी. लांबी मर्यादेत निघाली, तर कनेक्टर तपासावेत आणि तारेचे टोक खरवडून पाहावे. आत पांढरट धातू दिसला, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे, ती बदलावीच.

लांबी खरोखरच १३० मीटर असेल, तर वाटेत छप्पर आणि वीज असलेल्या जागी स्विच बसवून काम भागेल. परंतु दोन इमारतींमध्ये, उघड्या आवारातून, मी तांब्याची केबल सुचवणार नाही : जवळपास वीज पडली तर दोन्ही टोकांची उपकरणे निकामी होऊ शकतात, शिवाय दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असू शकतो. धातूचा कोणताही पदर नसलेली सिंगल-मोड फायबर (प्रकाशाने सिग्नल नेणारी काचतंतूची केबल) आणि दोन्ही टोकांना तिच्याशी जुळणारे मीडिया कन्व्हर्टर (तारेतला सिग्नल प्रकाशात आणि प्रकाशातला तारेत बदलणारे उपकरण) घ्यावेत. एक गिगाबिट वेगाने ती काही किलोमीटर सहज जाते. गोदामाचे अंतर तिच्या दृष्टीने किरकोळ आहे.