एडिटरच्या आधी साधं एसएसएच नीट चालू द्या

एसएसएचने (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षितपणे लॉगिन करायची पद्धत) सर्व्हरला जोडताना व्हीएस कोड हा एडिटर दर वेळी पासवर्ड मागतोय आणि कुणीतरी होस्ट की चेकिंग (सर्व्हरची ओळख पटवणारी की तपासणं) बंद करायला सांगितलंय असं तुम्ही लिहिलंय, तर पहिलं म्हणजे ते चेकिंग अजिबात बंद करू नका. समोरचा सर्व्हर खरंच आपलाच आहे हे कळायचा तो एकच मार्ग आहे. की बदलल्याची वॉर्निंग आली तर ॲडमिनला नवा फिंगरप्रिंट (त्या कीची छोटी खूण) विचारा, तो जुळला तरच नोन-होस्ट्स फाइलमधली (ओळखीच्या सर्व्हरच्या कीज ठेवणारी तुमच्या मशीनवरची फाइल) जुनी नोंद काढा.

व्हीएस कोडचं रिमोट एसएसएच एक्स्टेंशन आतून तुमच्याच मशीनवरचं एसएसएच वापरतं, म्हणून आधी टर्मिनलमधून कनेक्ट होतंय का बघा, तिथे अडत असेल तर एडिटरच्या सेटिंग्ज कितीही ढवळल्या तरी उपयोग नाही.

आता पासवर्डचं. पासवर्डऐवजी लॉगिनसाठी ईडी२५५१९ प्रकारची की (तुमच्याकडे राहणारी प्रायव्हेट आणि सर्व्हरवर टाकायची पब्लिक अशी जोडी) बनवा, तिला पासफ्रेज (कीचा स्वतःचा पासवर्ड) द्याच, आणि की एसएसएच एजंटमध्ये (उघडलेली की लक्षात ठेवणारा प्रोग्राम) टाका म्हणजे पासफ्रेज सारखी टाइप करावी लागत नाही (विंडोजवर एजंटची सर्व्हिस सहसा बंदच असते, ती चालू करावी लागते). पब्लिक की सर्व्हरवर टाकूनही पासवर्ड मागत असेल तर बहुतेक वेळा घोळ परमिशनचा असतो, सर्व्हरवर डॉट एसएसएच फोल्डरला ७०० आणि ऑथराइज्ड कीज फाइलला (पब्लिक की जिथे ठेवतात ती) ६०० परमिशन हवं, म्हणजे ती फक्त तुम्हालाच वापरता येतात, आणि होम फोल्डरवर ग्रुपला राइट परमिशन असेल तरी सर्व्हर की नाकारतो, हे पटकन लक्षात येत नाही.

बाकी सगळं तुमच्या मशीनवरच्या एसएसएचच्या कॉन्फिग फाइलमध्ये लिहा: होस्ट, युझर, पोर्ट, आयडेंटिटी फाइल. एजंटमध्ये खूप कीज असतील तर त्याच फाइलमध्ये आयडेंटिटीज ओन्ली यस करा (म्हणजे फक्त सांगितलेलीच की पाठवली जाते), नाहीतर एकेक की पाठवता पाठवताच सर्व्हरची लॉगिन प्रयत्नांची मर्यादा संपते, ती डीफॉल्ट ६ असते. मधल्या सर्व्हरवरून जायचं असेल तर प्रॉक्सी जंप वापरा. एजंट फॉरवर्डिंग (तुमचा एजंट त्या सर्व्हरवरूनही वापरू देणं) नको, कारण तुम्ही कनेक्टेड असेपर्यंत त्या सर्व्हरवरचा रूट (सगळे अधिकार असलेला युझर) तुमचा एजंट वापरून पुढे कुठेही लॉगिन करू शकतो!

आणि हे कुणी सांगत नाही म्हणून सांगतो, सर्व्हरच हॅक झालेला असेल तर या कनेक्शनमधून तो तुमच्या मशीनवरही कोड चालवू शकतो, म्हणून ज्याच्यावर भरवसा नाही अशा सर्व्हरला एडिटर जोडूच नका, तिथे साधं टर्मिनल बरं.

की चालायला लागली की सर्व्हरवर पासवर्ड लॉगिन बंद करा, पण एक सेशन उघडं ठेवून दुसऱ्या विंडोतून लॉगिन होतंय याची खात्री झाल्यावरच ते सेशन बंद करा. टर्मिनलमधून चालतंय पण एडिटरमधून नाही असं झालं तर सर्व्हरवर टीसीपी फॉरवर्डिंग (एसएसएचमधून इतर कनेक्शन जाऊ देणारी सेटिंग, एडिटरला ती लागते) बंद आहे का ते बघा, आणि तरीही अडलं तर व्हीएस कोडच्या आउटपुट पॅनेलमधला लॉग इथे टाका, आयपी आणि युझरनेम खोडून.