वाचकांचे प्रश्न : चेन गेली, आता आई घराबाहेरच पडत नाही

प्रश्न : आई 67 वर्षांची आहे. गंगापूर रोडला सकाळी फिरताना बाईकवरच्या दोघांनी मंगळसूत्र ओढलं, ती पडली, कोपर सोललं. गुन्हा दाखल झालाय, चोर सापडलेत असंही कानावर आलं, पण सोनं कधी मिळणार ते कोणी सांगत नाही. आई आता कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा जात नाही, मागून बाईक आली की हात गळ्याकडे जातो. जबाबासाठी पोलीस स्टेशनला बोलावलंय तर नाहीच म्हणते. काय करू? (एक मुलगा, नाशिक)

उत्तर : आधी एक सांगा, घरात कोणी "सोनं घालून जायचंच कशाला" म्हणतंय का? म्हणत असणारच, आपल्याकडे हे वाक्य पोलिसांच्या आधी घरी पोचतं. ते आजपासून बंद. मंगळसूत्र काय लग्नाला घालायचा हार आहे का काढून ठेवायला, आणि चूक ओढणाऱ्याची आहे, फिरणाऱ्या बाईची नाही.

पोलीस स्टेशनचं म्हणाल तर आईंनी तिथे गेलंच पाहिजे असं नाही. 1 जुलै 2024 पासून जी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता (पोलीस तपास आणि खटला कसा चालवायचा त्याचा नवा कायदा) लागू झाली तिच्या कलम 179 प्रमाणे साक्षीदार म्हणून कुठल्याही महिलेला, आणि साठीच्या पुढच्या पुरुषालाही, राहत्या जागेशिवाय दुसरीकडे यायची सक्ती पोलिसांना करता येत नाही, चौकशी करायची तर त्यांनी घरी यायचं. तपासी अंमलदारांना फोन करून साध्या शब्दांत सांगा, आई घाबरलीये, घरी या. कलम वगैरे लगेच फेकू नका, समोरचा माणूसही दहा केसेस घेऊन पळत असतो.

त्या अंमलदारांचं नाव, नंबर आणि गुन्हा रजिस्टर नंबर एका कागदावर लिहून फ्रिजवर लावा. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, घेतली नसेल तर मागा. तपास कुठवर आला हे फिर्यादीला 90 दिवसांच्या आत कळवायचं हेही आता कायद्यातच आहे, म्हणजे तुम्ही विचारलंत तर उपकार मागत नाही आहात.

सोन्याबद्दल थोडं मन घट्ट करा. चोरलेले दागिने बरेचदा वितळवलेले असतात आणि पोलिसांना मिळते ती लगड, त्यामुळे तेच मंगळसूत्र परत येईल असं आईंना सांगू नका. मुद्देमाल, म्हणजे पोलिसांनी जप्त केलेली वस्तू, कोर्टाच्या आदेशाने मिळतो, त्यासाठी अर्ज करायचा, सराफाची पावती किंवा दागिना अंगावर दिसेल असा जुना फोटो जोडायचा. खटला संपेपर्यंत थांबायची गरज नाही, फोटो आणि पंचनामा करून वस्तू लवकर सोडाव्यात असं सुप्रीम कोर्टाने 2002 मध्येच सांगितलंय. पुढे कदाचित ओळखपरेडला, म्हणजे रांगेतल्या माणसांतून चोर ओळखायला, बोलावतील. तिथे नाही ओळखता आलं तर "नाही ओळखता येत" एवढंच म्हणायचं, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर आई रात्रभर तोच विचार करत बसतील की चुकीच्या पोराला अडकवलं तर.

आणि फिरायला जा म्हणून मागे लागू नका. वेळ बदला, सोबत चला, रस्ता कुठला ते त्यांना ठरवू द्या. दचकणं पहिले काही आठवडे होतंच, पण महिना उलटून गेल्यावरही झोप नाही आणि बाहेर पडणं बंदच असेल तर डॉक्टरांना दाखवा, किंवा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : मी समुपदेशक आहे, अत्याचार झालेल्या मुली आणि बायका आमच्याकडे येतात. हल्ली माझ्या स्वतःच्या मुलीला शेजारी खेळायला पाठवायलाही भीती वाटते, जेवताना मधेच एखादीचा जबाब आठवतो. सीनियर म्हणतात सवय होईल. होते का? (नाव देऊ नका, नाशिक रोड)

उत्तर : ताई, सवय झालेली माणसं मी पाहिलीत, ती पुढच्या मुलीशी फॉर्म भरल्यासारखं बोलतात. तेव्हा तुम्हाला त्रास होतोय म्हणजे तुम्ही कमजोर आहात असं अजिबात नाही. दुसऱ्याचे आघात रोज ऐकणाऱ्याला ते लागतात, हे या क्षेत्रात सगळ्यांना माहितीये, फक्त रजेच्या अर्जावर लिहायची पद्धत नाही.

तुमची खरी कोंडी वेगळी आहे असं मला वाटतं. पीडितेची ओळख उघड करणं गुन्हा आहे, मुलांच्या केसमध्ये पोक्सोचं (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) कलम 23 आहे, म्हणून तुम्ही घरी काहीच बोलत नाही. बरोबरच आहे. पण केस सांगायची नाही म्हणजे स्वतःचंही सांगायचं नाही असं नव्हे. "आज खूप जड गेलं, तासभर मला कोणी काही विचारू नका" एवढं नवऱ्याला सांगता येतं, त्यात कोणाचं नाव येत नाही. व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र नाव काढून सुद्धा नको, आपल्या भागात गाव आणि वय सांगितलं की बास.

सीनियरकडे सवय नको, वेळ मागा. आठवड्यातून एकदा बसून केसवर बोलणं, लागोपाठ दोन लहान मुलांच्या केसेस एकीलाच न देणं, खासगी नंबर न देता ऑफिसचा नंबर देणं. हे लेखी मागा. आणि एक गोष्ट आवर्जून करा, जुन्या केसचं पुढे काय झालं ते विचारा. आपल्याला मुलगी दिसते ती सगळ्यात वाईट दिवशी, नंतर ती दहावी पास झाली, आजीकडे राहायला गेली, हे कोणी कळवत नाही, आणि मग डोक्यात फक्त तो पहिला दिवसच साठत जातो. झोप आणि भूक दोन्ही गेली असेल तर तुम्हीसुद्धा दुसऱ्या समुपदेशकाकडे जा, ओळखीतल्या नको.

प्रश्न : सातपूरला भावावर रात्री अनोळखी लोकांनी वार केले, हात कायमचा अधू झालाय. आरोपी सापडले नाहीत म्हणजे मदत मिळणारच नाही का?

उत्तर : अर्ज करता येतो. आरोपी सापडला नाही, खटलाच उभा राहिला नाही, तरी पीडिताला भरपाई मागता येते, त्याच नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 396. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे, आपल्याकडे नाशिकला सीबीएस बसस्थानकाजवळ जिल्हा कोर्टात, आणि त्यांनी दोन महिन्यांत चौकशी पूर्ण करायची असते. एफआयआर, डिस्चार्ज कार्ड, औषधांची बिलं, अपंगत्वाचा दाखला असेल तर तो, सगळ्याच्या दोन झेरॉक्स. भाऊ कंपनीत कामगार असेल तर मोफत वकील मिळण्यातही तो बसतो. आधी 15100 या विधी सेवा हेल्पलाइनवर फोन करून विचारून घ्या, म्हणजे एखाद्या कागदासाठी परत फेरी नको.