एम.ए. जरूर करा, पण राजीनामा देऊन नको

प्रश्न असा आहे: गोवंडीच्या महापालिका शाळेत २००९ पासून शिक्षिका, वय ३९. हातात पगार ६८,०००, पतींचे ३०,०००. घराचा हप्ता २४,०००, घरखर्च ४०,०००, एफडी ६ लाख. शहरी शिक्षणाच्या प्रश्नांवर पूर्णवेळ एम.ए. करायचं आहे, दोन वर्षांचा एकूण खर्च ३ लाख. राजीनामा द्यायचाच आहे, तर एफडी मोडू की शैक्षणिक कर्ज काढू?

ताई, होळीला गावी गेलेली मुलं जूनमध्ये परत येतात तेव्हा त्यांचं घर दुसऱ्याच वस्तीत असतं आणि पटावरून त्यांची नावं गळतात, असं तुम्ही लिहिलंय. यावर अभ्यास व्हायलाच हवा, आणि तो वर्गात उभ्या राहणाऱ्या बाईंनी करावा असं मला मनापासून वाटतं. राजीनाम्याला मात्र माझा स्पष्ट नकार आहे.

तुम्ही ३ लाखांचा विचार करताय. खरा खर्च बुडणाऱ्या पगाराचा आहे: २४ महिन्यांचे १६ लाख ३२ हजार. शिवाय पेन्शन खात्यात महापालिका भरते तो हिस्साही थांबेल. एकट्या पतींच्या पगारात दरमहा ३४,००० कमी पडतील. फी एफडीतून दिलीत तर उरलेले ३ लाख नऊ महिनेही पुरणार नाहीत. फीसाठी कर्ज काढलंत तरी अठराव्या महिन्याच्या आत एफडी संपते, परीक्षा बाकीच असते, आणि घरात कुणी आजारी पडलं तर हाताशी काहीच नाही. शैक्षणिक कर्जाच्या व्याजाची आयकरात वजावट मिळते, पण फक्त जुन्या करप्रणालीत. आणि पगारच नसेल तर वजावट कशातून घेणार?

पुढच्या नोकरीचं काय, हेही पत्रात नाही. स्वयंसेवी संस्थांतल्या बऱ्याच जागा प्रकल्पावरच्या असतात; निधी संपला की जागा जाते. कायम नोकरी सोडून चाळिशीत तिथे सुरुवात करणं आर्थिकदृष्ट्या मला पटत नाही.

त्याआधी एक तातडीची गोष्ट. तुम्ही टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, दिली आहे का? सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने, पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्या जुन्या शिक्षकांनाही ती उत्तीर्ण व्हायला दोन वर्षांची मुदत दिली. तुमची नेमणूक शिक्षण हक्क कायदा लागू होण्याआधीची, म्हणजे हे थेट तुम्हाला लागू आहे. राहिली असेल तर आधी तिचा अभ्यास. नोकरीच धोक्यात असताना एम.ए.चं गणित मांडण्यात अर्थ नाही.

मग अध्ययन रजेचा अर्ज करा. रजेत पगार किती मिळेल, परत आल्यावर किती वर्षं सेवेचं बंधपत्र लागेल आणि ही पदवी बढतीला धरली जाते का, हे तिन्ही प्रश्न आस्थापना विभागाला लेखी विचारा. पगारी रजा मिळाली तर हव्या त्या संस्थेत पूर्णवेळ जा आणि फीपुरतं कर्ज काढा. त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे.

रजा नाकारली तर इग्नू या मुक्त विद्यापीठाचं एम.ए. (शिक्षणशास्त्र) नोकरी सांभाळून करता येतं. किमान दोन वर्षं, पण चार वर्षांपर्यंत मुभा असते. लघुप्रबंधाला विषय गोवंडीचाच घ्या. पटावरून गळलेली ती मुलं कुठे गेली, हे तुमच्याइतक्या जवळून कुणाला शोधता येईल? फी पगारातून भागेल, एफडीला हात लावायला नको.

रजेचा अर्ज दिल्यावर आवक क्रमांकासह पोच मात्र घ्या.