मॅच संपू दे की, पप्पा!

"मॅडम, ह्याला मोबाइलचं व्यसन लागलंय," खुर्चीत बसायच्या आधीच वडील म्हणाले. त्यांच्या मागे अकरा वर्षांचा मुलगा, मान खाली घातलेला. आई त्याचं दप्तर छातीशी धरून उभी. सुट्टीच्या दिवशी दप्तर कशाला, ते नंतर कळलं. आत सगळ्या विषयांच्या वह्या होत्या, पूर्ण लिहिलेल्या. पोरगं अभ्यासात मागे नाही, हे आईला मला दाखवायचं होतं.

घर कोल्हापूरचं. (कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) कोल्हापूर म्हटलं की फुटबॉल आलाच. पेठापेठांत तालमी, तालमींचे संघ, आणि शाहू स्टेडियमवर ईर्षेचा सामना असला की सगळी गल्ली तिकडे. वडील स्वतः तरुणपणी तालमीच्या संघात राइट बॅक खेळलेले. ज्या शहराचा अनिकेत जाधव 2017 साली 17 वर्षांखालच्या वर्ल्ड कपमध्ये भारताकडून खेळला, तिथलं आपलं पोरगं कॉटवर लोळत अंगठ्याने फुटबॉल खेळतंय, ही त्यांची खरी सल होती.

"चार महिने झाले, ग्राउंडवर पाय ठेवला नाही. नुसती ती मोठ्या डोक्याची कार्टूनं नाचवत असतंय. फोन काढून घेतला की आदळआपट. हे व्यसनच की!"

'हे व्यसन आहे का?' हा प्रश्न घेऊन माझ्याकडे सल्ल्यासाठी सतत कुणी ना कुणी येतं, म्हणून त्याचं उत्तर इथे सविस्तर देते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे. ती यादी 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. पण खेळणं बंद करताना चिडणं एवढ्यावर ते निदान होत नाही. खेळण्यावर ताबा राहत नाही, जेवणखाण, शाळा, मित्र सगळं खेळापुढे दुय्यम होतं, नुकसान दिसत असूनही खेळ वाढतच जातो, आणि हे साधारण 12 महिने टिकून रोजचं जगणं विस्कटतं, तेव्हा तो आजार. या मुलाची झोप नीट होती, जेवण नीट होतं, वह्या तर समोरच होत्या. रोज दीड-दोन तास खेळत होता. ते जास्त होतंच, पण मला जास्त खटकलं ते ग्राउंड सुटणं. आवडीचा खेळ पोरगं उगाच सोडत नाही.

आईवडिलांना बाहेर बसवून मी त्याला म्हटलं, "मला शिकव की तुझा गेम."

पहिल्यांदा त्याने मान वर केली. एका बाजूला एक खेळाडू, दुसऱ्या बाजूला एक. डोकं धडाच्या दुप्पट. पुढे-मागे जायला बाण, एक बटण उडीचं, एक किकचं. सामना दीड मिनिटाचा. मी 7-0 ने हरले. "मॅडम, तुम्ही आधीच उडी मारताय. बॉल खाली यायला लागला की मारायची," त्याने माझा अंगठा धरून दाखवलं. दुसऱ्यांदा 5-1. माझ्या एका गोलवर तो माझ्यापेक्षा जास्त खूश झाला.

"तू हरलास की काय करतोस?"

"परत स्टार्ट."

मी काही बोलले नाही. स्क्रीनवर बोट फिरवत तोच पुढे म्हणाला, "ग्राउंडवर परत स्टार्ट नसतंय."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शाळेच्या स्पर्धेत सेमीफायनलला तो गोलकीपर होता. सोपा बॉल हातातून निसटून पायांमधून आत गेला. सामना गेला. दुसऱ्या दिवसापासून वर्गात त्याचं नाव पडलं 'चाळण'. मधल्या सुट्टीत चाळण, रिक्षात चाळण. घरी सांगितलं नाही, कारण पप्पा खेळाडू. मोबाइलमधल्या त्या मैदानात त्याला चाळण म्हणणारं कुणी नव्हतं, आणि दर दीड मिनिटाला पाटी कोरी होत होती.

मी आधी वडिलांशी एकट्याने बोलले, अर्थात मुलाला विचारूनच. ऐकताना ते गुडघा चोळत राहिले. बऱ्याच वेळाने म्हणाले, "मी पण एकदा टायब्रेकरला पेनल्टी बाहेर मारली होती. वर्षभर त्या गल्लीतून गेलो नाही." मुलाला हे ठाऊक होतं का? नव्हतं. मी म्हटलं, माझ्या सगळ्या सल्ल्यांपेक्षा ही गोष्ट त्याला जास्त लागू पडेल. तुम्हीच सांगा.

आदळआपटीचा उपाय मात्र अगदी साधा निघाला. वडील चालू सामन्यात फोन ओढायचे. मध्येच बाहेर पडलं की सामना हरल्यात जमा होतो आणि कमावलेले गुण कापले जातात. मैदानावर 88व्या मिनिटाला कुणी बॉल उचलून नेला तर वडीलही खवळले असते. म्हणून मोजमाप बदललं. मिनिटांऐवजी सामने ठरले, रोज संध्याकाळी दहा. शेवटचा सुरू होताना मुलाने स्वतः 'लास्ट' म्हणायचं आणि संपला की फोन आईच्या हातात. पहिल्या आठवड्यात दोनदा भांडण झालं, नंतर थांबलं.

दुसरी गोष्ट गेममधल्या बक्षिसाच्या पेटीची. जिंकलं की पेटी मिळते, पण ती काही तासांनी उघडते आणि आत काय निघेल ते सांगता येत नाही. मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी कबुतरांवरच्या प्रयोगांत दाखवलं होतं की बक्षीस कधी मिळेल याचा भरवसा नसला की प्राणी चिवटपणे तेच करत राहतो. पोरगं सकाळी उठल्या उठल्या फोन बघायचं ते या पेटीपायी. इथे मी ठाम आहे: नोटिफिकेशन बंद, पैसे देऊन खरेदीला पासवर्ड, आणि रात्री फोन आईवडिलांच्या खोलीत. मुलाच्या संयमावर हे ओझं टाकणं मला अन्यायाचं वाटतं.

शाळेत वर्गशिक्षिकेशी आई बोलली. 'चाळण' पूर्ण थांबलं नाही, पण कमी झालं.

तुमच्या घरी झोप, जेवण, शाळा खरोखरच सुटत असेल, किंवा मूल गप्प गप्प, उदास राहत असेल, तर वाट पाहू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत आहे.

सहा आठवड्यांनी तिघे परत आले. वडिलांनी स्वतःच्या फोनवर तो गेम घेतला होता. "अजून एकदा पण जिंकू देत नाही," म्हणाले, आणि आवाजात तक्रार नव्हती. सकाळी शाळेआधी दोघं ग्राउंडच्या भिंतीवर बॉल मारायला जातात. वडील मारतात, हा अडवतो. संघात परत जायचं का, ते त्याचं अजून ठरलेलं नाही. मी विचारलंही नाही. निघताना दारातून वळून म्हणाला, "मॅडम, उडीची प्रॅक्टिस केली का?"