स्लाइड्स राहू देत, हिशेब मांड

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या स्लाइड्स पाहिल्या. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्समध्ये बोलायचं म्हणून तू बिचकलीस आणि जे जे सापडलं ते कोंबलंस. आधी विश्वेश्वरय्यांचा फोटो, मग संस्था 1920 साली स्थापन झाली, मग जीवनात पाण्याचं महत्त्व! अगं, समोर बसणाऱ्यांचे केस पंपहाउसात पांढरे झालेत. ते सगळं काढ.

विषय तुझा सोन्यासारखा आहे. नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून इंदूरला साधारण 70 किलोमीटर येतं, तेही चढ चढून. तिथूनच सुरुवात कर, फळ्यावर. चढण 500 मीटर धर. एक घनमीटर पाणी म्हणजे 1000 किलो. 1000 × 9.81 × 500, झाले 49 लाख ज्यूल. एका युनिटात 36 लाख ज्यूल, तेवढ्यांनी भाग, 1.36 युनिट. पंप आणि मोटर मिळून कार्यक्षमता 75 टक्के धरलीस तर 1.8. नळातलं घर्षण अजून धरलेलंच नाही. गच्चीवरची हजार लिटरची टाकी एकदा भरली की निदान एवढी वीज गेली. हे फळ्यावर उतरलं की मागच्या रांगेत पेंगणाराही खिशातून पेन काढतो. कुणीतरी विचारेलच, ‘75 कुठून आणलेत, मॅडम?’ विचारू दे. भांडू दे. त्यासाठीच तर जायचं.

मग तुझ्या पंपाकडे ये. पंपापुढचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह अर्धवट मिटून चालवत होते, तू इम्पेलर, म्हणजे पंपातलं फिरणारं चाक, तासून घेतलास, व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. हे सगळं ‘लक्षणीय बचत’ एवढ्यात गुंडाळलंस? लक्षणीय म्हणजे किती? हिशेब मांड! व्हॉल्व्हच्या आधीचा दाब, नंतरचा दाब, मधे किती किलोवॅट फुकट जात होते. व्यास 5 टक्के कमी केला तर वीज साधारण 14 टक्के कमी लागावी, असं पुस्तक सांगतं. तुझ्याकडे तेवढी आली का? नसेल आली, तर लपवू नकोस, तोच भाग ऐकायला लोक थांबतील. आणि दाबाचा गेज पंपाच्या मध्यरेषेच्या वर बसवलाय, फोटोत दिसतंय. ती उंची दाबात मिळवलीस का? जुन्या मंडळींचा पहिला प्रश्न तोच असेल.

इंग्रजी अडखळतं म्हणतेस, तर हिंदीत बोल. इंदुरात कोण हसणार आहे?

तू म्हणशील, काका, आकड्यांनी लोक कंटाळतील. मलाही एका संयोजकांनी हेच सुनावलं होतं, ‘साहेब, गणित वगळा, थोडं प्रेरणादायी बोला.’ मी वगळलं नाही. पुढे बरीच वर्षं बोलावणं आलं नाही. घरचे अजून हेकट म्हणतात. म्हणोत बापडे. त्या दिवशी चहाच्या वेळी एक ज्युनिअर माझा फळा वहीत उतरवून घेत होता, शिपायाला पुसू देईना. प्रेरणा देणाऱ्यांचं तो काय उतरवून घेणार होता, सांग बरं? मी काही उगाच अडून बसलो नव्हतो.

खंत आहे ती निराळी. ज्या ऑपरेटरांच्या नोंदवहीतून माझे आकडे यायचे, त्यांतल्या एकालाही मी कधी सभागृहात नेलं नाही. तू तुझ्या ऑपरेटरला ने, पुढे बसव. तुझा आकडा चुकला तर तो तिथल्या तिथे सांगेल, आणि सांगू दे. एखाद्या प्रश्नाचं उत्तर आलं नाही तर ‘तपासून कळवते’ म्हण आणि खरंच कळव.

फ्लोमीटर शेवटचा कधी तपासला, ती तारीख आणि इम्पेलरचे आधीचे-नंतरचे व्यास रविवारपर्यंत पाठव. मी इकडे वेगळा हिशेब करून ठेवतो. आपले आकडे जुळले नाहीत तर फोन कर, पण रात्री नऊच्या आत.

तुझा,
काका